पाखराच्या गळ्यात

पाखरानं चोच उघडली आणि राजमतीचे कान तापले. आधी कान तापले, कारण मागाहून कळलं. दरबारच्या बागेतल्या जाळीघरासमोर साऱ्या शाळेच्या मुली जाळीला नाकं लावून उभ्या होत्या. आत आंब्याची दोन कलमं, पाण्याची दगडी डोण, फांदीफांदीवर पोपट, मुनिया, कसकसल्या लांब शेपट्यांची पाखरं, आणि कोपऱ्यात वेगळ्या पितळी पिंजऱ्यात ते, जावा बेटाकडून आगबोटीनं आलेलं. वीतभरसुद्धा नाही. अंग कोवळ्या उसाच्या पाल्यासारखं हिरवं, गळा निळाकाळा, ऊन पडलं की इरकली लुगड्याच्या काठासारखा चमकणारा, आणि पोट असलं केशरी की बघणाऱ्याच्या जिभेला चव यावी. आल्यापासून मुकंच होतं म्हणे. आज गात होतं. आणि जे गात होतं ते तिचं होतं. 'या हो पाहुणे या, दारी तोरण डुले.' शब्द नव्हते, पाखराला कुठले शब्द, पण ती चढण, तिसऱ्या सुरावरचं ते टेकणं, मग धावत खाली येणं, सगळं सगळं तिचं, गेल्या साली तिनं स्वतः बांधलेलं. "बाई!" ती ओरडली, "बाई, ह्ये पाखरू माझं गाणं म्हणतंय!" मुली फिदीफिदी हसल्या. धोंडुबाई, शाळेच्या मुख्य बाई, मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "राजमती, जावाच्या पाखराला तुझी चाल कुठून येणार? जगातली प्रत्येक गोष्ट तुझीच कशी असते गं?" आणि मग डोळे मिटून, मान डोलावत, पाखराकडं तोंड करून, "अहाहा! गळा म्हणजे हा!"

हे वाक्यही तिचंच होतं. गेल्या साली बक्षीस समारंभात मांडवातल्या गाद्यांवर दरबारची बडी मंडळी बसली असताना तिनं स्वागताचं गाणं म्हटलं, आणि धोंडुबाईंनी अगदी हेच शब्द, हाच 'अहाहा' तिच्या पाठीवर हात ठेवून उच्चारला होता. त्या दिवसापासून राजमती राजमती झाली होती. त्याआधी ती शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याची, कल्लाप्पांची, धाकटी पोर होती. हुपरीला दिलेल्या आक्काची बहीण होती. चौदावं लागलं तरी हिला उजवत नाहीत म्हणून बायका जिच्याकडं बोट करत ती होती. त्या दिवसानंतर ती गंगावेशीतून चालली तरी आपण चाललो आहोत हे तिला स्वतःला ऐकू यायचं. आक्कानं दिलेले चांदीचे वाळे ती मुद्दाम आपटत चाले. वर्गात प्रश्न संपायच्या आत हात वर. धोंडुबाई पुण्याच्या, त्या दर खेपेला सुधारत, "'मी गातो' नव्हे, 'मी गाते' म्हणावं," आणि राजमती म्हणे, "व्हय बाई, मी गातो की!" आणि सगळा वर्ग हसे, बाईसुद्धा. ती चाल तिनं शोधली होती पेठेत, गुळाच्या ढेपांनी लादलेल्या गाड्या पहाटे येतात तेव्हा. चढावर बैल रखडत येत, घुंगरं संथ वाजत, मग माथ्यावर थांबत, मग उतारावर झरझर. तिनं ते उचललं आणि शब्द घातले. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं ते फक्त मेहमुदाला सांगितलं होतं.

आणि आता त्या जाळीपाशी तिनं मान वळवली ती मेहमुदाकडंच. मेहमुदा शेजारीच उभी होती, नेहमीसारखी अर्धं पाऊल मागं, आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. जाळीघराच्या राखणदाराची, दिलदारचाचाची, पोर. तिच्या बापाचं पाखरू आज साऱ्या शाळेला वेड लावत होतं आणि ही अंगठ्याकडं बघत होती. "ऐकलंस न्हवं?" राजमतीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "माझीच हाय की न्हाई चाल?" "व्हय, तुझीच," मेहमुदा म्हणाली. राजमतीचं काळीज फुललं. शाळेत जाता-येता मी बागेच्या भिंतीकडेनं गात जातो, ते ह्या रत्नानं ऐकलं, उचललं! जावाहून आलं आणि कोल्हापुरात शिकायचं तर काय शिकलं, राजमतीचं गाणं! आता हे सगळीकडं सांगायचं, असं ती ठरवत होती, तोच पाखरानं पुन्हा सुरुवात केली, आणि ह्या वेळी तिनं शेवट ऐकला. 'डुले'च्या जागी, खाली उतरता उतरता ते एकाएकी थबकलं, अर्धा सूर वर गेलं, जणू उंबऱ्याबाहेर पाय टाकताना कुणी मागं वळून बघावं, आणि मग उतरलं. एवढंच. श्वासाएवढी जागा. पण ते तिच्या चालीत नव्हतं. बैल उतारावर मागं वळून बघत नाहीत. मुलींच्या घोळक्यातून कुणाचा तरी उसासा आला, आणि राजमतीचे फुललेले कान पुन्हा तापले, ह्या वेळी वेगळे, आतून, चटका बसल्यासारखे. कारण ती जागा चांगली होती. ती जागा नसती तर ते नुसतं स्वागताचं गाणं होतं. ती जागा आली आणि आलेला पाहुणा कधीतरी जाणार हेही त्यात आलं.

घरी येऊन तिनं ती जागा घ्यायचा प्रयत्न केला. न्हाणीत केला, कारण न्हाणीत आवाज घुमतो. जात्यावर केला. माडीवर, गुळाच्या ढेपांच्या वासात, दार लावून केला. वर गेलं की वरच राही, नाहीतर खाली येताना घसरून पडे, मातीच्या घड्यासारखं. आईनं खालून हाक मारली, "काय गं, घसा बसलाय काय तुझा?" राजमतीनं दाराची कडी पक्की केली. तिला आठवत होतं की आजवर तिला काही येत नाही असं कधी झालंच नव्हतं. पाढे आले, व्याकरण आलं, दौतीतला थेंब न सांडता टाकानं लिहिणं आलं, दरबारच्या लोकांसमोर न घाबरता उभं राहणं आलं. आणि एका पाखराच्या, वीतभर पाखराच्या, नखाएवढ्या गळ्यात असलेली जागा येत नव्हती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत धोंडुबाईंनी पट्टी मेजावर आपटली आणि सांगितलं की बागेच्या कारभारीसाहेबांची फार छान सूचना आली आहे, ह्या साली बक्षीस समारंभाला स्वागतगीत नको, त्याऐवजी पिंजरा मांडवात आणून ठेवायचा, मंडळी बसली की पडदा उचलायचा, आणि पाखरू पाहुण्यांचं स्वागत करील. "कल्पना तर बघा किती नवी!" बाई म्हणाल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. राजमतीनंही वाजवल्या, तिचे हात वाजवत होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती, ते कुणाचे आहेत म्हणून. मग मागल्या बाकावरच्या कुणीतरी खुसखुसून म्हटलं, "राजे, पाखरानं तुझी जागा घेतली की गं!" आणि पोटात, बेंबीच्या थोडं वर, लिंबू पिळावं तसं झालं.

त्या लिंबाला नाव द्यायला ती तयार नव्हती. हेवा माणसाचा करतात. आक्काच्या नव्या पुतळ्यांच्या माळेचा तिनं केला होता, एका मुलीच्या कुरळ्या केसांचा केला होता, ते सगळं सरळ होतं, दोन दिवस जळायचं आणि विसरायचं. पाखराचा हेवा करणारी पोर जगात कुठं असेल? पण ती होती. दुपारी ती बागेत गेली, एकटी. पाखरू पपई खात होतं. तिच्याकडं एका बाजूनं बघितलं, मग डोकं फिरवून दुसऱ्या बाजूनं, जणू एका डोळ्याला ती पटली नव्हती म्हणून दुसऱ्याचं मत घेतलं. "काय बघतोस, चोरा," ती दात आवळून म्हणाली. दिलदारचाचा पलीकडं डोण घासत होता. दाढीत हसला. "त्येला चोर म्हणू नगंस, बाळ. नवाब हाय त्यो." मग इकडंतिकडं बघून जवळ आला, कारण त्याला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, पाखराच्या तारिफेनं तो कालपासून जमिनीवर नव्हता. "मुकं आलंतं. कारभारीसायब म्हणालं, दिलदार, गायला न्हाई तर तुझी भाकरी बंद. मग मी काय केलं? आमच्या आजापास्नं चालत आलंय, चंडोलाला शिकिवत्यात तसं. चाळीस दिवस! पिंजरा घरी न्यायचा, वर काळा कपडा, आत अंधार. आणि त्या खोलीत एकाच गळ्यानं गायचं, एकच चाल, सकाळ-संध्याकाळ. दुसरा आवाज त्येच्या कानावर पडला की पाखरू नासलं. कावळा ऐकला तर कावळा काढतंय, रहाट ऐकला तर रहाट. गल्लीतल्या लोकांनी रहाटाला तेल घातलं की माझ्यापायी! आमची घरवाली रोशनबी चाळीस दिवस खुणांनी बोलत हुती. पाखरू खोटं शिकत न्हाई, बाळ. जसा गळा ऐकल तस्सा देतंय, उणं न्हाई अन् अधिक न्हाई." राजमतीनं विचारलं, आणि विचारताना तिला माहीत होतं, तरी विचारलं, "मग कुणी गायलं, चाचा? तुम्ही?" "माझा कसला गळा, तंबाखूनं खाल्ला." चाचानं आवाज आणखी खाली आणला. "मेहमुदानं. पण कुठं बोलू नगं हां. पोरीच्या जातीनं गायलं म्हणून आमच्यातली माणसं बोलत्यात. सायबालाबी मी सांगितलंय, ह्ये जावाचंच गाणं हाय."

म्हणजे भिंतीकडेनं गात जाणाऱ्या राजमतीचं त्यानं काही ऐकलं नव्हतं. काळ्या कपड्याखाली, अंधारात, चाळीस दिवस त्यानं मेहमुदाला ऐकलं होतं. राजमती बागेतून चालत निघाली, आणि वाळे आपटत नव्हते. मेहमुदा! तीन सालांमागं ती शाळेत आली तेव्हा मागल्या भिंतीला पाठ लावून बसे, नाव विचारलं तर ओठ हलत पण ऐकू येत नसे. राजमतीनंच तिला उचललं होतं; तिची पाटी पुसून दिली होती, भागाकार शिकवला होता, चिंचेतला अर्धा वाटा दिला होता, मुलींनी चिडवलं की मध्ये पडली होती. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर बसून राजमती गाई आणि मेहमुदा गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐके. किती छान ऐकायची ती! तिच्यासारखं ऐकणारं कुणीच नव्हतं. राजमतीला वाटे, हा जो आपला आवाज आहे तो अर्धा आपल्या गळ्यात आहे आणि अर्धा हिच्या कानात. आणि ती सारा वेळ ऐकत नव्हती तर. म्हणजे ऐकत होती, पण ऐकता ऐकता कुठंतरी आत म्हणत होती, आणि म्हणता म्हणता सुधारत होती. उंबऱ्यावर मागं वळून बघायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्यात होतं. तिला आपसूक आलं. राजमतीनं हा विचार तिथंच सोडला, गरम तव्यावरून हात काढावा तसा, आणि मनानं पुन्हा पाखराकडं वळली. पाखरू चोर. पाखरू आगाऊ. ते नसतं तर काहीच कळलं नसतं, काहीच बिघडलं नसतं. ते नसायला हवं.

भाद्रपद लागला होता, जैनांचं दशलक्षणाचं दहा दिवसांचं पर्व चालू होतं. घरात एकवेळ जेवण, उकळलेलं पाणी, संध्याकाळी बस्तीत, जिनमंदिरात, आरती. ह्या पर्वात शेवटच्या दिवशी, चतुर्दशीला, कल्लाप्पा दर साली फासेपारध्यांकडून लावे-तितर विकत घेऊन बस्तीच्या आवारात सोडत. पिंजऱ्याचं दार राजमती उघडी, अगदी चार वर्षांची होती तेव्हापासून. दार उघडलं की पाखरं क्षणभर बाहेर येत नसत, आणि मग एकदम सगळी, फर्रकन, तोंडावर वारा मारून. बायका म्हणत, "अभयदान दिलं गं पोरीनं!" त्या वेळी तिच्या जिभेवर काहीतरी गोड येई, तेच पुण्य, असं तिला वाटे. जेवणाच्या पाटावर बापाला वाढता वाढता ती म्हणाली, आणि हे आपण म्हणणार आहोत हे तिला म्हणेपर्यंत ठाऊक नव्हतं, "आण्णा, लाव्या-तितरांचं काय, ती रानातलीच. दरबारच्या बागेत एक पाखरू हाय. दर्यापलीकडनं धरून आणलंय. एकटंच. त्येला सोडाय मागूया की." कल्लाप्पांचा घास हातात राहिला. ते कठीण माणूस, पेठेत त्यांच्या तोंडाला लोक घाबरत. त्यांचे डोळे भरून आले. "बघितलंस?" ते आईला म्हणाले. "शाळंत घालू नका, घालू नका करत हुतीस. पोरीच्या काळजात दया कुठवर पोचलीया बघ! दर्यापलीकडच्या जिवापतोर!" राजमती वाढत राहिली. तिला वाटलं आता आपल्या तोंडावर दिसेल. काहीच दिसलं नाही. लिंबू पोटातच होतं, आणि त्याला सगळे दया म्हणत होते.

मग ते तिच्या हातात राहिलं नाही. बस्तीचे पंच, त्यांतले थोरले तात्यासो, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, अर्ज करू, दरबार आमचं ऐकतंय. द्वादशीला, दहा धर्मांपैकी उत्तम त्यागाच्या दिवशी, सह्या घ्यायच्या, आणि पंचांनी जाऊन कारभारीसाहेबांना द्यायचा. अर्ज लिहायचा कुणी? जिच्या मनात आलं तिनंच, अक्षरही मोत्यासारखं. राजमती माडीवर बसून लिहीत होती. 'जीवमात्रावर दया हा आमचा परमधर्म असून, सदर मुका जीव परदेशी बंदिवासात कष्टी आहे.' कष्टी! पपई खाऊन ढेकर देतंय ते. ती लिहीत गेली आणि वाक्यं इतकी सुंदर होत गेली की तिला स्वतःला त्यांचा विश्वास वाटू लागला. एका ठिकाणी तर तिला रडू आलं, त्या पाखराबद्दल, खरंखुरं. आणि त्याच वेळी तिचं एक बोट दिवस मोजत होतं. चतुर्दशीला पाखरू सुटलं तर समारंभाला बारा दिवस. स्वागताला कुणीतरी लागणारच. बाई येणार. बाईंना यावंच लागणार.

बाईंच्या आधी मेहमुदा आली. द्वादशीच्या सकाळी, शाळेला सुट्टी असताना, पेठेतल्या दुकानाच्या मागल्या दाराशी उभी राहिली, पदर डोक्यावर ओढून. ती कधीच अशी आली नव्हती. "राजे," ती म्हणाली, "तुमची माणसं पाखरू सोडाय लावणार हायत म्हणं. खरं हाय?" राजमती म्हणाली, "आमच्यात असतंय तसं. जीवदया." मेहमुदा बघत राहिली. पाखरासारखी नाही, दोन्ही डोळ्यांनी. "त्येला दाणा टिपता येत न्हाई," ती म्हणाली. "पिंजऱ्यातच जन्मलंय त्ये, तिकडं जावाला. किडा दिसला तर भितंय. सोडलं तर आंब्यावर बसंल, आणि बसल्या बसल्या गाईल, कारण त्येला दुसरं काय येतंय? गायलं की कावळ्यांला कळणार. दुपार न्हाई बघायचं, राजे." राजमतीला आठवलं, तिनं सोडलेले लावे-तितर बस्तीच्या भिंतीवरून पलीकडं गेले की ती कधी बघायला गेली नव्हती. "आणि अब्बा?" मेहमुदा म्हणाली. "पाखरू गेलं की अब्बाचं काय काम तितं?" मग एक पाऊल पुढं येऊन, "मी तुला काय केलं का?" हे तिनं इतक्या सरळ विचारलं की राजमतीला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. "तू मला कवा सांगितलं न्हाईस, तुला गाता येतंय म्हणून!" ती ओरडली. गुळाच्या पोत्यांवरच्या माश्या उठल्या. "तीन सालं! तीन सालं माझ्यापुढं बसतीस, मुक्यावानी, आणि माझीच चाल घेऊन त्या मेल्या पाखराला..." मेहमुदाचे ओठ हलले, पहिल्यासारखे, आवाजाशिवाय, मग आवाज आला. "तू ऐकत कवा असतीस, राजे? तू गात असतीस." तिनं ते चिडून म्हटलं नाही. उलट थोडी हसली, माफी मागितल्यासारखी. "आणि मला दुसरं कुठलं गाणं येतंय? अब्बा म्हणालं, येक चाल पायजे. मला तुझीच येत हुती." आणि गेली. तिच्या पायात काही नव्हतं, म्हणून जाताना आवाज झाला नाही.

बस्तीत दुपारचं शास्त्रवाचन संपलं होतं. दगडी मंडपात गार होतं, चंदनाचा वास होता, पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला, सगळ्यांची तोंडं उपासानं सुकलेली. राजमतीच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं आणि डोकं हलकं झालं होतं, असं की खांबांवरची नक्षी जवळ येई आणि लांब जाई. तिनं रुमालातला कागद तात्यासोंच्या पुढं ठेवला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि हसले. "पोरी, माझ्याच्यानं वाचवत न्हाई बघ. तुझाच आवाज गोड. तूच वाचून दाखव मंडळीस्नी. मग सह्या करतील." आणि सगळी मंडळी तिच्याकडं वळली. दीडशे माणसं. कल्लाप्पा पहिल्या रांगेत, छाती भरून बसलेले. किती दिवस तिला हेच हवं होतं, माणसं गप्प बसून आपल्याकडं वळलेली. ती उभी राहिली. पहिली ओळ तिनं छान वाचली, धोंडुबाईंनी शिकवलं तसं, श्वास राखून. दुसरी ओळ आली. 'जीवमात्रावर दया.' तिनं 'जीवमात्रावर' म्हटलं. पुढचा शब्द कागदावर होता, तिनंच लिहिलेला, 'द'चं पोट छान गोल आलेलं. तो तोंडात येईना. तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि पुन्हा तिथंच अडली. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "उपासानं झालंय, पाणी द्या तिला." "पाणी नको," राजमती म्हणाली. आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, अगदी साफ होता. "ह्ये खोटं हाय, आण्णा. मला दया न्हाई आली. मी जळतोय."

वर कुठंतरी पारव्यांनी पंख झाडले. कल्लाप्पांच्या तोंडावरचा अभिमान अजून तसाच होता; त्याला कळलं नव्हतं की आता जायचं आहे. "जळतीस?" तात्यासोंनी हळूच विचारलं. "पाखरावर?" एक-दोघं हसले. तिला किती सोपं होतं व्हय म्हणणं! पाखरावर जळणारी पोर म्हणून सगळे हसले असते, पोरवय म्हणाले असते, संध्याकाळपर्यंत विसरले असते, आणि ती स्वतःही विसरली असती. "पाखरू गाणार म्हणून मला समारंभाला गायला मिळणार न्हाई. म्हणून त्येला सोडा म्हणालो. सोडलं तर त्ये मरतंय, त्येला दाणा टिपता येत न्हाई, मला म्हाईत हाय. पण मी पाखरावर जळत न्हाई." "मग कुणावर?" राजमतीनं ओठ उघडले. ते नाव तिनं दिवसातून शंभरदा घेतलं होतं, हाक मारायला, खेकसायला, पाटी मागायला. ते इतकं जड आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "मेहमुदावर," ती म्हणाली. "पाखरांच्या राखणदाराची पोर. माझी मैतरीण हाय." "तिनं काय केलं बाई तुझं?" हे आईनं विचारलं, बायकांतून, घाबरून. आणि इथं राजमतीला सगळं सांगायचा मोह झाला. चाल माझी आहे, शेवटची जागा तिची आहे, जावाबिवाचं काही नाही, साऱ्या कोल्हापूरला कळू दे. सांगितलं असतं तर निदान चाल तरी तिला परत मिळाली असती. दिलदारचाचाचा खाली आलेला आवाज तिला आठवला. "त्ये मी सांगणार न्हाई," ती म्हणाली.

कल्लाप्पा उठले. लोकांना वाटलं मारतात. त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, घडी घातली, आणि त्या सुंदर अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवून कोटाच्या खिशात ठेवला. पंचांकडं बघून म्हणाले, "लावं-तितरंच घेऊ दर सालासारखी." "न्हाई तर तीबी धरूच नका म्हणावं पारध्यास्नी," तात्यासो म्हणाले, "म्हंजे सोडायचा ताप न्हाई." आणि मग तिच्याकडं वळून, मिशीत, "मग काय गं, त्या पाखराचं काय करायचं म्हणतीस तू?" "ऱ्हाऊ दे तितंच. गाऊ दे." तिच्या नाकातून पाणी येत होतं, तिनं ते पदराला पुसलं. "पण मी काय ऐकाय जाणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो." बायकांत हशा पिकला, पुरुषांतही, कुणीतरी सरकून तिला बसायला जागा करून दिली. ती बसली. दगड गार होता. हसणारे हसत होते आणि तिला आत्ताच, ह्याच घटकेला कळत होतं की ती जाणार. सगळ्यांच्या आधी जाऊन अगदी पुढं बसणार, आणि पडदा उचलला की डोळे न मिटता, शेवटच्या सुरापर्यंत जळत ऐकणार.